‘घरचं’चं ‘धरचं’ होऊ नये म्हणून

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात कर्वेनगरात घरून मेतकूट, गोडा मसाला आणि लोणची विकणाऱ्या एका ताईंना बरण्यांची लेबलं नव्याने करायची आहेत, शिवाय छोट्या दुकानाची पाटीही. सगळं ‘हाताने लिहिल्यासारखं’ हवंय, मराठी आणि इंग्रजी दोन्हींत. त्यासाठी कुठला फॉन्ट घ्यावा, आणि भावाच्या लग्नाची पत्रिकाही त्याच फॉन्टमध्ये उरकावी का, असं त्या विचारतात.

ताई, पत्रिकेचं शेवटी बोलू. आधी बरणी.

हस्ताक्षरात छापलेली ओळ वाचली की वाचणाऱ्याला कुणीतरी आपल्याशी बोलतंय असं वाटतं. हा फॉन्ट वापरायचा तो एवढ्याचसाठी. म्हणून माझी कसोटी अगदी घरगुती आहे: ही ओळ तुमच्या घरातल्या कुणी बरणीवर चिठ्ठी चिकटवून खरंच पेनाने लिहिली असती का? ‘गोडा मसाला’ लिहिलं असतं. ‘लिंबाचं गोड लोणचं, चैत्रातलं’ हेही लिहिलं असतं. ‘निव्वळ वजन २०० ग्रॅम’, घटक पदार्थांची यादी, खाद्य परवान्याचा १४ आकडी क्रमांक, ‘या तारखेपूर्वी वापरा’ हे कुणीही लिहिलं नसतं. ते सगळं साध्या, सरळ, उभ्या अक्षरात जायला हवं. कायद्यालाही हा मजकूर स्पष्ट वाचता येईल असाच लागतो. नुसता कायद्याचा धाक म्हणून हे सांगत नाही. चौदा आकडे लफ्फेदार वळणात छापले की लेबल घाईघाईत भरलेल्या फॉर्मसारखं दिसतं, आणि नावाच्या हस्ताक्षराचं कौतुकही त्यात वाहून जातं. लेबलावर हस्ताक्षर दोन-तीन शब्दांचंच असावं. फार तर खाली एक ओळ.

आता कुठलं हस्ताक्षर? ‘हस्ताक्षराचे फॉन्ट’ म्हणून जे मिळतात त्यांत तीन निराळे हात एकाच टोपलीत घातलेले असतात.

पहिला हात बोरूचा, म्हणजे वेताच्या लेखणीचा. बोरूचं टोक तिरकं कापलेलं असतं, म्हणून एका दिशेला रेघ जाड येते आणि दुसऱ्या दिशेला बारीक. पोथ्यांचं अक्षर ते हे. गंमत अशी की या हाताला ‘हाताने लिहिल्यासारखं’ दिसण्याची हौसच नव्हती. दासबोधाच्या १९व्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेवरच आहे. त्यात रामदास म्हणतात की पहिलं अक्षर जसं काढलं तसंच ग्रंथ संपेपर्यंत दिसलं पाहिजे, सगळं एकाच टाकाने लिहिल्यासारखं. पुढे १८३१ मध्ये गणपत कृष्णाजींनी मुंबईत शिळाप्रेसवर पंचांग छापलं. शिळाप्रेस म्हणजे हाताने लिहिलेलं अक्षरच दगडावरून छापायचं. तरी तिथंही डौल पोथीच्या सारखेपणाचाच. म्हणून बोरूच्या वळणाच्या फॉन्टमध्ये सगळे ‘क’ तंतोतंत सारखे असले तरी खटकत नाहीत, उलट शोभतात. फुकट मिळणाऱ्यांत ‘अमिता’ साधारण या बाजूचा आहे. देवळाच्या कार्यक्रमाला, मानपत्राला, सहस्रचंद्रदर्शनाच्या आमंत्रणाला हे अक्षर चांगलं. मेतकुटाला जरा सोवळं वाटेल.

दुसरा हात बॉलपेनचा. रेघ जवळजवळ एकसारख्या जाडीची, अक्षर थोडं कललेलं, शिरोरेषा किंचित मागे-पुढे. इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘कलम’ या घरातला. त्याची तीन वजनं, म्हणजे बारीक ते जाड अशा तीन जाड्या, मिळतात आणि मराठी-इंग्रजी दोन्ही अक्षरं एकाच हाताची आहेत. तुमच्या बरणीला हा हात जवळचा. पण रामदासांची अट इथे उलटी फिरते. बॉलपेनने लिहिणाऱ्या माणसाचे दोन ‘ल’ कधी हुबेहूब नसतात. ‘लिंबाचं लोणचं’ असं छापलं आणि दोन्ही ‘ल’ शिक्का मारल्यासारखे आले, की सोंग उघडं पडतं. इंग्रजीतल्या चांगल्या फॉन्टमध्ये एकाच अक्षराची दोन-तीन रूपं भरलेली असतात आणि ती आपोआप आलटून पालटून येतात. देवनागरीत असं फारसं मिळत नाही. उपाय कष्टाचा आहे, पण दहा मिनिटांचा: शब्द कर्व्ह करायचा, म्हणजे टाइप केलेल्या अक्षरांचं नुसत्या रेघांच्या चित्रात रूपांतर करायचं, आणि दुसऱ्या ‘ल’चे दोन बिंदू हलकेच सरकवायचे, ‘च’चं पोट थोडं चेपायचं. फॉन्टमधून आलेला शब्द तुमचा होतो तो इथे. बहुतेक लोक मात्र हे करत नाहीत.

तिसरा हात रंगाऱ्याच्या ब्रशचा. चपट्या ब्रशने पाटी रंगवणाऱ्याचं अक्षर ठसठशीत, कोपऱ्यांना धार असलेलं. ‘यात्रा वन’ हा फॉन्ट मुंबईच्या लोकल स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला आहे. दुकानाच्या पाटीला हा हात मला पसंत. याच ब्रशचा एक तापट भाऊ तुम्ही रोज पाहता. गणपती मंडळांच्या फ्लेक्सवर आणि ढोल-ताशा पथकांच्या टी-शर्टवर फराटे मारलेलं, कडा फाटलेलं अक्षर असतं, ते त्याचं. पहिल्यांदा कुणीतरी खरा ब्रश घेऊन ते काढलं तेव्हा त्यात जोर होता. आता लक्ष्मी रोडवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तेच फराटे, फक्त मंडळाचं नाव बदललेलं. लोणच्याच्या बरणीवर ते आलं तर लोणचं गिऱ्हाइकावर चाल करून येतंय असं वाटेल.

आता फॉन्ट तपासायचा कसा, ते सांगतो. माझा सगळ्यात जास्त वेळ यातच जातो.

‘स्क्रिप्ट’ म्हटलं की इंग्रजीत जोडून लिहिलेलं, धावतं अक्षर डोळ्यांपुढे येतं. ती अक्षरं हातात हात धरून चालतात. आपली अक्षरं डोक्यावरच्या रेघेला लटकतात, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. त्यामुळे देवनागरी हस्ताक्षरात सगळं नाट्य त्या दोरीत असतं: ती किती ताणलेली आहे, कुठे सुटली आहे, कुठे अक्षराच्या पुढे गेली आहे. घाईत लिहिताना आपण पुष्कळ जण शिरोरेषा देतच नाही. तसा फॉन्टही मिळतो आणि दिसतोही छान मोकळा. पण मग ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांना वेगळं ठेवणारा आधार जातो. हाताने लिहिताना आपण ‘ध’च्या, ‘भ’च्या डोक्याला नकळत एक गाठ देतो आणि निभावतं. ही गाठ फॉन्टमध्ये नीट असेल तर ठीक, नसेल तर ‘घरचं लोणचं’ हे ‘धरचं लोणचं’ होतं आणि ‘भाजणी’ची ‘माजणी’. तुमच्या धंद्याचा अर्धा शब्दसंग्रह या चार अक्षरांवर उभा आहे, तेव्हा पहिली तपासणी हीच.

दुसरी तपासणी ‘ऱ्य’ची. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ डोंगरातल्या. ‘आचार्यास’ दक्षिणा द्यायची आणि ‘आचाऱ्यास’ मजुरी. हा फरक मराठीला जिवाभावाचा आहे. फॉन्ट करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे फक्त हिंदी असेल, तर त्या अर्ध्या ‘र’कडे बहुतेक वेळा दुर्लक्ष होतं. ‘खाऱ्या मिरच्या’ टाइप करून पाहा. कान तुटल्यासारखा ‘र’ पाय मोडून उभा राहिला तर फॉन्ट परत ठेवून द्या. ‘ल’ आणि ‘श’ही बघून घ्या. मराठी डोळ्याला पाकळ्यांचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ हवा असतो. काही फॉन्टमध्ये ही मराठी रूपं असतात, पण ती भाषा ‘मराठी’ निवडल्याशिवाय बाहेर येत नाहीत.

मी प्रत्येक नव्या फॉन्टला एकच ओळ लिहायला लावतो. तुम्हाला देतो, थोडी तुमच्या मालाप्रमाणे बदलून:

घरची भाजणी, कच्च्या कैरीचं लोणचं, खाऱ्या मिरच्या, कारळ्याची चटणी, थोडं धणे-जिरं, विठ्ठल, हृदय, उद्ध्वस्त, राष्ट्र, ॲड., ऑगस्ट, १९६७

‘उद्ध्वस्त’ बरणीवर येणार नाही हे मलाही कळतं. पण ज्या फॉन्टमध्ये तो शब्द गिचमीड न होता उभा राहतो, त्याची जोडाक्षरं मनापासून काढलेली असतात. ‘च्च्या’मध्ये हलन्त दिसला, म्हणजे ‘च्’ पायमोड्या आला, तर समजावं की फॉन्ट अर्धवट आहे. आणि ही ओळ लेबलाच्या खऱ्या मापात छापून बघायची. संगणकावर फुटभर मोठी करून सगळेच फॉन्ट देखणे दिसतात.

दोन चुका मी रोज पाहतो. एक म्हणजे अक्षरांतलं अंतर वाढवणं. इंग्रजीत ते चालतं म्हणून आपल्याकडेही करतात, आणि शिरोरेषेचे तुकडे होतात. शब्द मोठा दिसायला हवा असेल तर मोठा करा, ताणू नका. दुसरी म्हणजे उभ्या अक्षराला संगणकातून तिरकं ढकलून ‘हस्ताक्षर’ बनवणं. तिरकं झालेलं छापील अक्षर हे वाऱ्याने कललेल्या खांबासारखं असतं. लिहिताना हात जिथे वळतो तिथे रेघ बदलते, ते त्यात कुठून येणार?

इंग्रजी नावाबद्दल. तुम्ही बहुधा लग्नपत्रिकांवर असतो तसा नाजूक, कळ्या-वेलींचा स्क्रिप्ट फॉन्ट मनात धरला असेल. दोन गोष्टी सांभाळा. असा फॉन्ट सगळ्या कॅपिटल अक्षरांत कधीही लिहू नका. त्यातली कॅपिटल अक्षरं एकटी मिरवायला काढलेली असतात, सात जणी शेजारी उभ्या केल्या की नाव वाचता येत नाही. दुसरी गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. इंग्रजी सुलेखनात लेखणीचा कोन असा असतो की डावीकडून वर उजवीकडे चढणारी रेघ बारीक येते. देवनागरीच्या बोरूचा काप उलटा, त्यामुळे आपल्याकडे तीच रेघ जाड येते. बोरूचं मराठी अक्षर आणि टाकाचं इंग्रजी अक्षर शेजारी ठेवलं की दोघं एकमेकांकडे पाठ करून बसल्यासारखी दिसतात ती त्यामुळे. एकसारख्या जाडीच्या बॉलपेनी वळणात हे भांडणच नाही. तुमच्यासाठी ‘कलम’सारखा, दोन्ही लिप्या एकाच हातातून आलेला फॉन्ट सुचवतो त्याचं खरं कारण हे.

(शिशाची सुटी अक्षरं, म्हणजे खिळे, जुळवून छापायच्या काळात जोडलेलं इंग्रजी अक्षर छापणं ही कारागिरी होती. १९५३ मध्ये रॉजे एक्सकॉफों या फ्रेंच माणसाने ‘मिस्ट्राल’ हा टाइप काढला तेव्हा प्रत्येक अक्षराची शेपटी पुढच्या कुठल्याही अक्षराला जुळेल अशी बेतावी लागली होती, आणि तीही शिशात. मी स्वतः नारायण पेठेत खिळे जुळवत या धंद्यात आलो, त्यामुळे ते बघून अजून टोपी काढावीशी वाटते.)

कुणीतरी तुम्हाला मोडी सुचवेलच. पुण्यात हे ठरलेलं आहे. खरं म्हणजे मराठीचं धावतं अक्षर मोडीच. आधी पानभर आडवी रेघ मारायची आणि तिच्याखाली लेखणी फार न उचलता लिहीत जायचं. भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा पेशवे दफ्तरात जाऊन ते कागद एकदा जरूर पाहा, हात काय वेगाने धावलाय ते कळतं. २०१४ पासून मोडी युनिकोडमध्येही, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरांच्या सामायिक संकेतयादीतही, आहे. पण तुमचं गिऱ्हाईक ती वाचू शकणार नाही. बरणीच्या मागे पुसट नक्षी म्हणून ठेवलीत तर माझी हरकत नाही, मात्र मोडी जाणणाऱ्याकडून तपासून घ्या. नक्षी म्हणून कुणाच्या तरी कर्जरोख्याचा तुकडा छापला गेल्याचं मी पाहिलं आहे.

आता छापखान्याकडे जाताना. पुण्यातल्या बऱ्याच डीटीपीवाल्यांकडे श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीचे फॉन्ट अजून आहेत, त्यांत हस्ताक्षराची वळणंही बरीच आहेत. त्यांतलं एखादं आवडलं तर खुशाल वापरा, पण त्यात टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की निरर्थक चिन्हं दिसतात. युनिकोड फॉन्टचं दुखणं वेगळं. कोरल या मांडणीच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत वेलांटी भलत्या अक्षरावर जाऊन बसते. फोटोशॉप-इनडिझाइनमध्ये ‘वर्ल्ड-रेडी’ रचना निवडली नाही तर तिथेही तेच. या सगळ्यावर एकच तोडगा आहे: मजकूर तपासून पक्का झाला की कर्व्ह करा, पीडीएफ काढा आणि ती पाठवा. कर्व्ह न केलेली एक फाइल वेगळीही ठेवा. पुढच्या वर्षी ‘कैरी’चं ‘आवळा’ करायचं असेल तेव्हा कर्व्ह झालेल्या फाइलसमोर बसून रडावं लागतं.

परवान्याचंही बघा. गूगल फॉन्ट्सवरचे ‘कलम’, ‘अमिता’, ‘यात्रा वन’ मुक्त परवान्याचे आहेत, लेबलावर, पाटीवर, विक्रीच्या मालावर बिनदिक्कत चालतात. इतर ठिकाणी ‘फुकट’ लिहिलेलं बरंचसं फक्त वैयक्तिक वापरापुरतं फुकट असतं. विकायच्या मालावर ते छापणं म्हणजे उधारी डोक्यावर घेणं.

पाटीचं गणित साधं आहे. दर दहा फुटांना एक इंच अक्षर हा पाट्यांच्या धंद्यातला ठोकताळा. मी तो मात्रा सोडून नुसत्या अक्षराच्या उंचीला लावतो, आणि हस्ताक्षर असेल तर दीडपट करतो. रस्त्याच्या पलीकडून, म्हणजे साधारण चाळीस फुटांवरून वाचायची पाटी असेल तर सहा इंचांचं अंग हवं, वर वेलांटी आणि खाली उकार यांची जागा निराळी. बारीक रेघेचं हस्ताक्षर रात्री मागून दिवा लागला की विरघळून जातं, म्हणून पाटीला सगळ्यात जाड वजन घ्या. आणि ‘कृपया बेल वाजवू नये, दुपारी १ ते ४ दुकान बंद’ असली खास पुणेरी सूचना हस्ताक्षराच्या फॉन्टमध्ये नको. ती सूचना खरोखर खडूने किंवा रंगाने लिहिलेली असते तेव्हाच तिचा दरारा असतो. गोंडस फॉन्टमध्ये ती लाडात आल्यासारखी वाटते आणि लोक बेल वाजवतात.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, तरी सांगतो. घरात आईची किंवा आजीची पाककृतींची वही असेल तर ती काढा. फॉन्टच्या आधी ती वही. स्वतःच्या अक्षराचा अख्खा देवनागरी फॉन्ट बनवणं हे शेकडो अक्षररूपांचं आणि जोडाक्षरांच्या नियमांचं काम आहे. इंग्रजीसारखा एक तक्ता भरून ते होत नाही. पण तुम्हाला फॉन्ट हवाय कुठे? आठ-दहा पदार्थांची नावं हवीत. आजी असतील तर त्यांना काळ्या जेल पेनने पांढऱ्या कागदावर प्रत्येक नाव तीन-चारदा लिहायला सांगा, ६०० डीपीआयवर स्कॅन करा, त्यातलं एक निवडून ट्रेस करा, म्हणजे संगणकावर त्याच्या कडा गिरवून घ्या. आजी नसतील तर वहीतले शब्द स्कॅन करा. अक्षर वळणदार नसलं तरी चालेल. किरटं असलं तरी चालेल, फक्त वाचता आलं पाहिजे. मग ‘कलम’ दुय्यम ओळींना ठेवा आणि सूचना-वजन-किंमत साध्या अक्षरात.

राहिली पत्रिका. वीसएक वर्षांपूर्वी मी एका मुंजीची पत्रिका हौसेने हस्ताक्षरी वळणात केली. मुहूर्त होता सकाळी ९ वाजून ११ मिनिटं. त्या वळणात १ आणि ९ सख्खी भावंडं दिसत होती. प्रूफ मी वाचलं, यजमानांनी वाचलं, दोघांनाही मुहूर्त आधीच पाठ असल्यामुळे कुणालाच काही दिसलं नाही. पाचशे पत्रिका वाटल्या गेल्या आणि मग चार दिवस फोन: ‘मुहूर्त दुपारचा आहे का हो?’ तेव्हापासून तारीख, मुहूर्त, पत्ता आणि फोन यांना माझ्याकडे हस्ताक्षर मिळत नाही. शिवाय ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ या ओळीतला आवाज घरातल्या वडीलधाऱ्यांचा असतो. तो बॉलपेनने खरडल्यासारखा दिसून कसं चालेल? तिथे बोरूचं वळण नाहीतर सरळ छापील अक्षर.

पण पत्रिकेच्या अगदी तळाशी हस्ताक्षराची हक्काची जागा आहे: ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!’ आणि खाली चिल्ल्यापिल्ल्यांची नावं. तिथेही फॉन्ट लावू नका. तुमच्या घरात नुकतंच लिहायला लागलेलं जे कुणी असेल त्याच्या हातात स्केचपेन द्या, ती ओळ लिहून घ्या आणि स्कॅन करा. ‘हं’वरचा टिंब घसरून उद्गारचिन्हाखाली गेला असेल तर छापखान्यातल्या पोराला बजावून ठेवा की तो दुरुस्त करायचा नाही.